बेटावरच्या रिसॉर्टचा धूपप्रतिबंधक बंधारा : लाट अडवण्याखेरीज त्याचा काय उपयोग करता येईल?

पांझराकाठची (धुळे)

नमस्कार मंडळी,

मी धुळ्याची असून वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंतिम प्रकल्पासाठी मी अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे २४ खोल्यांचे एक छोटे रिसॉर्ट कल्पिले आहे. जागेसमोरची पुळण दर पावसाळ्यात खचते असे गृहीत धरायचे असल्यामुळे आराखड्यात धूपप्रतिबंधक बंधारा आलाच. माझा प्रश्न असा आहे, की ज्या बांधकामावर एवढा पैसा ओतला जातो, ते पाहुण्यांच्या नजरेआड ठेवायची कुरूप वस्तू म्हणूनच का राहावे? त्यावरून चालता यावे, त्यावर बसता यावे, त्याच्या आडोशाला निर्धास्त पोहता यावे, त्याच्या अंगावर प्रवाळ वाढावे, असे काही करता येईल का?

पहिल्या मसुद्यात मी किनाऱ्याला समांतर १८० मीटर लांबीची काँक्रीटची उभी भिंत घेतली होती आणि तिच्या माथ्यावर जेवणाची टेबले मांडली होती. मार्गदर्शक सरांनी तो कागद उलटा करून ठेवला आणि "आधी समुद्राला विचार" एवढेच म्हणाले. समुद्राला विचारायचे तर तो आपल्यापासून फार लांब. मी तो आजवर तीनदा पाहिला आहे, तोही तिन्ही वेळा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून. म्हणून इथे विचारते आहे. खान्देशी माणूस कुठे पोहोचलेला नसतो?

सांडवा (साक्री)

ताई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. समुद्राचे काम माझ्या हातून झालेले नाही, पण पाण्याला अडवले म्हणजे ते काय करते हे ३१ वर्षे पाहिले आहे, तेवढ्या आधारावर लिहितो.

तुम्ही पांझराकाठच्या, तेव्हा फडाचे बंधारे तुम्ही पाहिलेच असतील. तीन-चारशे वर्षांपासून ते नदीचे पाणी पाटात वळवत आले आहेत आणि त्यांचे मूळ काम तेवढेच होते. तरीही उन्हाळ्यात पलीकडच्या गावाची पायवाट बंधाऱ्याच्या माथ्यावरूनच जात असे, बायका धुणे त्याच्याच उतरत्या दगडांवर आपटत आणि पोरे वरच्या अंगाच्या डोहात उड्या मारत. यातले एकही काम बांधणाऱ्याने योजलेले नव्हते. माथा रुंद होता, कारण पुराच्या रेट्यापुढे टिकायला जड अंग लागते. खालची बाजू उतरती होती, कारण सांडलेले पाणी थेट पायाशी आदळले असते तर पाया उखडला असता. लोकांनी त्या रुंदीचा आणि त्या उताराचा फायदा करून घेतला. म्हणून माझे म्हणणे असे, की बंधाऱ्याचा दुसरा उपयोग पहिल्या कामाच्या पोटातून निघाला तर तो टिकतो. वरून चिकटवलेला उपयोग पहिल्या पुरात वाहून जातो.

आता तुमच्या भिंतीविषयी. उभ्या भिंतीवर लाट आपटली म्हणजे तिची ताकद मरत नाही. ती मागे फिरते आणि जाताना भिंतीच्या पायाची वाळू उचलून नेते. काही वर्षांनी भिंत जागेवर असते आणि जिच्यासाठी भिंत बांधली ती पुळण गेलेली असते. तुमचे पाहुणे वर बसून जेवतील खरे, पण खाली त्यांना उघडा पाया आणि गढूळ पाणी दिसेल. लाटेची ताकद मारायची असेल, तर तिला उतारावर दमवावे लागते, पोकळ्यांमध्ये शिरवून जिरवावे लागते किंवा किनाऱ्यापासून दूर आधीच फोडावे लागते. यांपैकी तुम्ही काय करणार आहात ते ठरवा. बसायचे कुठे हे त्यानंतर आपोआप सुचेल.

फलाट_चार (भुसावळ)

मरीन ड्राइव्हचा उल्लेख आला म्हणून एक भर घालतो. आपण बसतो तो कठडा आणि त्याच्यासमोर पडलेले चार पायांचे टेट्रापॉड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेट्रापॉड १९५०मध्ये फ्रान्समध्ये तयार झाला. तो रचला म्हणजे ढिगातली साधारण निम्मी जागा पोकळ राहते आणि साक्रीचे सांडवा नाना म्हणतात तशी लाट त्या पोकळ्यांत जिरते. मात्र त्याच पोकळ्यांत माणूसही जातो. टेट्रापॉडवर बसून फोटो काढताना पाय घसरून आत अडकलेल्यांच्या बातम्या मुंबईत नव्या नाहीत. तेव्हा पाहुण्यांना टेट्रापॉडवर बसवण्याची कल्पना मनात असेल, तर ती कृपया आजच पुसून टाकावी.

शहादा_ते_माले (सध्या मालदीव)

मी गेली सहा वर्षे मालदीवमधील एका रिसॉर्टच्या देखभाल विभागात आहे. रिसॉर्टचे नाव लिहिणे योग्य होणार नाही, पण जे डोळ्यांनी पाहतो ते सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या सरांनी उलटा ठेवलेला कागद आमच्याकडे जवळपास तसाच प्रत्यक्षात बांधलेला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बेटाची वाळू एका जागी राहत नाही. इथे दोन मोसम मानतात, ईशान्येकडच्या वाऱ्याचा इरुवाई आणि नैर्ऋत्येकडच्या वाऱ्याचा हुळहंगु. वारा फिरला की लाटांची दिशा फिरते आणि पुळणीची वाळू बेटाच्या कडेकडेने दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. सहा महिन्यांनी ती पुन्हा परतीच्या वाटेला लागते. म्हणजे ज्याला नवखा माणूस धूप म्हणतो, ती पुष्कळदा वाळूची वारी असते. आमच्या बेटावर कोणे एके काळी कोणीतरी किनाऱ्याला काटकोनात दगडी बांध घातला. त्याला इकडे ग्रॉइन म्हणतात. परिणाम असा झाला, की बांधाच्या एका अंगाला वाळू व्हिलाच्या पायऱ्या गिळेपर्यंत साचते आणि दुसऱ्या अंगाला नारळाची मुळे उघडी पडतात. मग पाइप टाकून खाडीच्या तळाची वाळू पंपाने ओढायची आणि उघड्या बाजूला पसरायची. हा आमचा वार्षिक कार्यक्रम आहे.

दुसरी गोष्ट त्या बांधाच्या 'सर्जनशील' उपयोगाची. व्यवस्थापनाने त्याच्या टोकाला लाकडी फळ्यांचा मंच बांधला आणि तिथे दोघांसाठी सूर्यास्ताचे जेवण सुरू केले. इरुवाईत ते अप्रतिम दिसते. आमच्या माहितीपत्रकावर त्याचाच फोटो आहे. पण हुळहंगुच्या पहिल्याच उधाणाला लाट दगडांतून वर उसळली आणि मंचाला खालून धक्का बसला. मंच वरचे वजन पेलण्यासाठी बांधला होता, खालून येणाऱ्या माराचा विचार कोणी केलाच नव्हता. सकाळी मी गेलो तेव्हा अकरा फळ्या खाडीत तरंगत होत्या. उरलेल्यांचे बोल्ट मी हाताने फिरवून काढले, कारण ते ३०४ प्रतीच्या स्टीलचे होते आणि खाऱ्या हवेने त्यांची मान सुतासारखी बारीक झाली होती. आता आम्ही ३१६ प्रतीचे बोल्ट वापरतो, दोन फळ्यांत बोटभर फट ठेवतो म्हणजे पाणी वर निघून जाते, आणि मे महिना लागला की फळ्या मोजून, त्यांवर क्रमांक टाकून गोदामात ठेवतो. खळ्यावरचा मांडव मृगाआधी उतरवतात तसाच हा प्रकार आहे. हे एवढे शहाणपण आले आणि मंच टिकला.

तिसरी गोष्ट शेवाळाची. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला प्रत्येक दगड हिरवा होतो आणि तो हिरवा पट्टा साबणाहून निसरडा असतो. गेल्या वर्षी एक वयस्कर गृहस्थ तिथे घसरले आणि त्यांच्या हनुवटीला टाके पडले. सूचना फलक तेव्हाही होता.

माले शहराचे उदाहरण मात्र निराळे आहे. १९८७च्या एप्रिलमध्ये दूरच्या समुद्रातून आलेल्या लाटांनी शहरात पाणी भरले, त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती टेट्रापॉडची रांग उभी राहिली. २००४च्या त्सुनामीत तिचा उपयोग झाला. तिथे शहर वाचवायचे होते, पुळण नव्हे. रिसॉर्ट मात्र पुळणच विकते, हे आराखडा काढताना विसरू नये.

केळीची_बाग (रावेर)

आम्ही मुलांना घेऊन सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर गेलो होतो, तेव्हा पलावान पुळणीसमोर एक छोटे झाडांनी भरलेले बेट पाहिले आणि दोरखंडाच्या झुलत्या पुलावरून तिथे गेलो. आशिया खंडाच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक अशी तिथे पाटी आहे आणि माझ्या धाकट्याने तिच्याजवळ उभे राहून बराच भाव खाल्ला. (बेटावर उभे राहून मुख्य भूमीचे टोक कसे, हा प्रश्न त्याच्या आजोबांनी परत आल्यावर विचारला.) खूप नंतर कळले, की सेंटोसाच्या त्या पुळणी बाहेरून वाळू आणून केलेल्या आहेत आणि समोरची ती बेटे लाटा अडवण्यासाठीच रचलेली आहेत. म्हणजे आम्ही दुपारभर धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर हिंडत होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. मागच्या शांत पाण्यात लहान मुले बिनधास्त डुंबत होती. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना हेच हवे असावे.

सांडवा (साक्री)

रावेरच्या ताईंचे उदाहरण चपखल आहे. लाट बाहेर फुटली म्हणून आत पाणी शांत झाले आणि पाणी शांत झाले म्हणून मुले उतरली. अशा सुट्या बांधाच्या आडोशाला वाळू साचून किनाऱ्याकडून समुद्राकडे एक जीभ निघते, तीही बसायला जास्तीची जागा देते. मात्र बांध किनाऱ्याच्या फार जवळ घेतला तर ती जीभ बांधाला जाऊन चिकटते, आणि मग तो शहाद्याच्या भाऊंच्या ग्रॉइनसारखाच वाळूची वाट अडवू लागतो.

गिरणामाई (चाळीसगाव)

मी भूगोल शिकवते आणि या धाग्यातील उत्साहाला थोडा लगाम घालू इच्छिते.

अडवलेली वाळू कोणाची असते? गिरणेच्या पात्रातून एका गावाने वाळू उपसली की खालच्या गावाच्या विहिरी कशा आटतात, हे आपण सर्व जण जाणतो. समुद्रातही हिशेब तोच आहे. पुदुच्चेरीत १९८०च्या दशकात बंदरासाठी समुद्रात बांध घातले गेले. पूर्व किनाऱ्यावर वाळू वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती बंदरापाशी अडली आणि उत्तरेकडच्या शहराची पुळण नाहीशी होऊन तिथे दगडांची रास उरली. पुढे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २०१८च्या सुमारास शहरासमोर पाण्याखाली पाचरीच्या आकाराची पोलादी पेटी बसवली, वाळूची भर घातली, आणि पुळण पुन्हा धरू लागली. ती पेटी पाहुण्यांना दिसत नाही. दिसते ती पुळण, आणि संध्याकाळी लोक तिथेच येऊन बसतात.

दुबईचा पाम जुमेरा तर बंधाऱ्यावर हॉटेल बांधण्याचे सर्वांत ढोबळ उदाहरण आहे. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या चंद्रकोरी लाटारोधकावर हॉटेलांची रांग आहे. मूळ आराखड्यात ती कोर अखंड होती. आतले पाणी कुबट होऊ लागेल हे लक्षात आल्यावर तिच्यात दोन ठिकाणी वाटा ठेवाव्या लागल्या. तेव्हा 'आडोशाचे शांत पाणी' म्हणताना ते किती शांत हवे, याचाही विचार करावा.

आणि दुसरा उपयोग पहिल्याच्या पुढे गेला म्हणजे काय होते, ते इंग्लंडमधील बॉस्कम येथे दिसते. २००९मध्ये तिथे वाळू भरलेल्या प्रचंड पिशव्यांचा एक कृत्रिम खडक समुद्रात घातला गेला, तो मुख्यतः लाटांवर फळी चालवणाऱ्यांसाठी. लाटा मनासारख्या उठल्या नाहीत, २०११मध्ये बोटीच्या पंख्याने पिशव्या फाटल्या आणि शेवटी ती जागा पाणबुड्यांच्या हौसेसाठी म्हणून पुढे करावी लागली. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टवरच्या नॅरोनेक येथे १९९९मध्ये अशाच पिशव्या टाकल्या होत्या. तिथे पुळण टिकवणे हे मुख्य काम होते. फळीवाल्यांना तिथेही फार काही गवसले नाही, पण पुळणीला आधार मिळाला, पिशव्यांवर समुद्री शेवाळ आणि मासे आले, आणि पुढे २०१७-१८मध्ये त्या खडकाची डागडुजी करण्याइतका तो लोकांना हवासा वाटला. पिशव्या त्याच, फरक अग्रक्रमाचा.

पांझराकाठची (धुळे)

सर्वांचे मनापासून आभार. उभी भिंत मी रद्द केली आहे. आता प्रश्न असा, की पाण्याखालचा बांध घेतला तर त्याचा उपयोग केवळ अदृश्य राहण्याचाच का? त्यावर प्रवाळ वाढवून पाहुण्यांना पोहत पोहत दाखवता येईल, हे कितपत खरे आहे? आणि बांधाचा माथा पाण्याखाली किती ठेवायचा?

शहादा_ते_माले (सध्या मालदीव)

हे खरे आहे, पण त्याला वेळ लागतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकात बायाहिबेजवळच्या एका रिसॉर्टसमोर १९९८मध्ये 'रीफ बॉल' नावाचे सुमारे ४५० पोकळ काँक्रीटचे घुमट बुडवून लाटारोधक केला. घुमटाला भोके असतात; लाट त्यांतून जाताना दमते आणि मासे आत बिऱ्हाड करतात. पुळण रुंद झाली आणि मास्क लावून पोहणाऱ्यांना पाहायला जागाही मिळाली.

आमच्याकडे इहुरु बेटावर १९९०च्या दशकात दुसरा प्रयोग झाला. लोखंडी सळ्यांचा सांगाडा बुडवून त्यात कमी दाबाची वीज सोडतात, त्यामुळे समुद्राच्या पाण्यातला चुना सळ्यांवर बसतो आणि त्यावर लावलेले प्रवाळाचे तुकडे धरतात. १९९८मध्ये समुद्र तापून मालदीवचे बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले, तेव्हा या सांगाड्यांवरचे प्रवाळ मात्र मोठ्या प्रमाणात तगले. बालीतल्या पेमुतेरान गावाने २०००पासून हीच पद्धत धरली. तिथे गावकरी, मासेमार आणि पाणबुडे शिकवणारे एकत्र येऊन सांगाडे सांभाळतात, आणि २०१२मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. वीज बंद पडली की चुना बसणेही थांबते, एवढे मात्र लक्षात ठेवा. जनरेटरची वही कोण भरणार, हे आराखड्यातच लिहा.

आमच्या रिसॉर्टमध्ये वीज नाही, साधे सांगाडे आहेत. पाहुणे स्वतः प्रवाळाचा तुकडा बांधतात, सांगाड्याला क्रमांक मिळतो आणि सहा महिन्यांनी त्यांना फोटो पाठवतो. खर्च जवळजवळ काहीच नाही, पण तेच पाहुणे पुन्हा येतात आणि "माझा ११७ कसा आहे?" म्हणून धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारतात.

सांडवा (साक्री)

माथ्याच्या पातळीबद्दल. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की लाट फुटते. त्यावरून माथ्यावर किती पाणी ठेवायचे याचा अंदाज बांधता येईल. पण इथे सांडव्याहून एक गोष्ट वेगळी आहे. आपल्या सांडव्यावरचे पाणी पुराबरोबर चढते, समुद्राचे दिवसातून दोनदा चढते. भरतीला माथ्यावर मीटर-दीड मीटर पाणी वाढले, की लाट काही न झाल्यासारखी पुढे निघून येते. अंदमानात उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, असे मी पाहून ठेवले आहे. त्यामुळे बांधाचा माथा अरुंद ठेवून चालणार नाही, तो चांगला रुंद हवा, म्हणजे लाटेला लांबवर घासत यावे लागेल. आणि रुंद माथा म्हणजे प्रवाळाला शेतच मिळाले, ताई.

फलाट_चार (भुसावळ)

थोडे विषयाच्या कडेने जातो. क्रोएशियातील झादर शहरात महायुद्धानंतर केलेला समुद्रकाठ नुसता काँक्रीटचा होता. २००५मध्ये तिथे संगमरवरी पायऱ्या करून त्यांच्या खाली ३५ नळ्या बसवल्या. लाट नळीत शिरली की हवा ढकलली जाते आणि पायरीखालून सूर निघतो. लोक रात्री तिथे नुसते ऐकत बसतात. लाटेचा जो रेटा बंधाऱ्याला छळतो, त्याच रेट्याला कामाला लावले आहे. नानांच्या 'पोटातून निघालेल्या उपयोगात' हे बसते की नाही, ते त्यांनीच सांगावे.

सांडवा (साक्री)

बसते. फक्त नळ्यांत वाळू भरणार नाही अशी सोय हवी. झादरला पुळण नाही, ताईंच्या जागेला आहे. गाळ काढायचे झाकण नसलेली नळी मी आयुष्यात मंजूर केलेली नाही.

गिरणामाई (चाळीसगाव)

दोन गोष्टी राहून गेल्या. अंदमानच्या पुळणींवर कासवे अंडी घालायला येतात. बांध किनाऱ्याला चिकटवला तर मादी वर चढू शकत नाही, आणि बांधावर दिव्यांची माळ लावली तर पिल्ले समुद्र सोडून दिव्याकडे चालू लागतात. रोषणाईचा मोह टाळावा. शिवाय बेटांसाठी किनारा नियमनाची २०१९ची अधिसूचना वेगळी आहे. ती वाचल्याशिवाय भरतीरेषेजवळ पेन्सिल टेकवू नये.

जिथे लाटेचा मार कमी आहे, तिथे दगडाऐवजी मर्यादवेल आणि केवडा लावावा. मर्यादवेल वाळू धरून ठेवते आणि तिची जांभळी फुले कोणत्याही मंचापेक्षा सुंदर दिसतात, असे माझे पक्षपाती मत आहे.

पांझराकाठची (धुळे)

नवा आराखडा असा झाला आहे. किनाऱ्यापासून दूर पाण्याखाली दोन रुंद बांध, मध्ये पाणी खेळते राहण्यासाठी मोकळी वाट, बांधांवर पोकळ घुमट आणि पाहुण्यांनी लावायचे प्रवाळ. पुळणीवर बहुतेक लांबीत फक्त मर्यादवेल आणि केवडा. होडीच्या धक्क्याजवळच्या ३० मीटरमध्ये, जिथे जमीन खरोखर तुटते, तिथे उतरत्या दगडी पायऱ्या. त्याच बसायच्या, त्याच लाट दमवायच्या. जेवणाची टेबले पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर, सुट्या फळ्यांच्या मंचावर. मेमध्ये मंच उतरवायचा. दिवे गुडघ्याखाली, आणि तेही जमिनीकडे तोंड करून. सरांनी या वेळी कागद उलटा केला नाही, फक्त विचारले, की खालून कितव्या पायरीपर्यंत माणसाला जाऊ देणार?

सांडवा (साक्री)

पायरी किती उंचीची घेतली आहे?

पांझराकाठची (धुळे)

४५ सेंटीमीटर, नाना. बसायला सोयीची म्हणून.

सांडवा (साक्री)

बसायला ठीक, उतरायला नाही. माझ्यासारख्याचे गुडघे लक्षात घेऊन मध्ये दोन ठिकाणी १५ सेंटीमीटरच्या पायऱ्यांची वाट काढा आणि तिला एका बाजूने कठडा द्या. कितव्या पायरीपर्यंत, हे शहाद्याचे भाऊच सांगू शकतील.

शहादा_ते_माले (सध्या मालदीव)

आज संध्याकाळच्या ओहोटीला टेप घेऊन आमच्या बांधावर गेलो होतो. शेवाळाचा हिरवा पट्टा उधाणाच्या भरतीरेषेच्या साधारण वीतभर वर संपतो, कारण लाटांचे शिंतोडे तिथवर दगड ओला ठेवतात. त्याच्या वरचा दगड पांढरा आणि खरखरीत आहे, अनवाणी पायालाही पकड मिळते. आमच्याकडे भरती-ओहोटीतला फरक मीटरभराचाच आहे, तुमच्याकडे तो दुप्पट असल्यामुळे हिरवा पट्टाही तेवढाच रुंद येईल. म्हणजे ४५च्या हिशेबाने खालच्या निदान पाच पायऱ्या समुद्राच्या समजा. सहावीवर एक खरबरीत पट्टी बसवा आणि बसायची जागा तिथून वर सुरू करा. दगडाचा फोटो काढला आहे, आत्ता इंटरनेट मंद आहे, रात्री चढवतो.